दाराबाहेरचा माझा आवाज

ह्यांना कोंडून ठेवायचं नाही, हे मी दोन्ही मुलांना तोंडावर सांगितलं होतं. बाहेरून कुलूप लावून माणूस आत ठेवायचा, तर मग त्याला घर कशाला म्हणायचं, कोठडी म्हणा. थोरलीला ते पटलं नव्हतं. थोरली इस्पितळात नर्स आहे, वॉर्डाची मुख्य, आणि घरी आली तरी तिचा वॉर्ड तिच्या मागोमाग येतो. हे उचला, ते पुसा, खिडकी उघडा. लोक म्हणतात माझ्यावर गेलीय. मी निदान ओरडण्यासारखं काही घडल्यावर ओरडते.

आमचे हे टर्नर. सगळा जन्म लेथ मशीनवर काढला. लोखंडाच्या दांड्यावरून बोट फिरवून सांगायचे, अजून केसभर जास्त आहे. कारखाना बंद झाला, वय झालं, आणि मग डोकं एकेक गोष्ट खाली ठेवत गेलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग रस्ते गेले. मग मुलं कोण ते गेलं. शेवटी माझं तोंड गेलं. मी समोर उभी राहिले तर हे सभ्यपणे बाजूला सरकायचे, जिन्यात अनोळखी बाईला वाट द्यावी तसे. पण मी बोलले की झालं. आवाज ह्यांना पक्का ठाऊक होता. "अगं, तू होय! मग बोल की आधी," असं म्हणायचे आणि हसायचे. म्हणून मी बोलत राहायचे. आधीही काही कमी बोलत होते असं नाही, पण आता त्याला कारण मिळालं.

दुपार झाली की ह्यांची शिफ्ट लागायची. टेबलावरचा डबा उचलायचे, चपला घालायचे आणि निघायचे. मी खाली दुकानात असायचे. आमच्याच इमारतीत तळमजल्याला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पँटची उंची कमी करणे, कंबर सोडणे, चेन बदलणे, उसवलेलं शिवणे. नवीन काही शिवत नाही. नवीन शिवायला सगळेच बसलेत. दुकानाचं तोंड मोठ्या रस्त्याला आणि जिना उतरतो बाजूच्या गल्लीत, त्यामुळे हे कधी उतरून गेले ते मला दिसायचं नाही. एकदा बसच्या डेपोत सापडले. उभ्या बसमध्ये खिडकीशी बसले होते, मांडीवर डबा, आणि बस सुटत नाही म्हणून ड्रायव्हरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून चिडले होते.

त्या संध्याकाळी थोरली आली ती चप्पल न काढताच बोलू लागली.

"आई, आता पुरे. संस्थेत ठेवू. माझ्या ओळखीची आहे. अगदी स्वच्छ आहे."

"स्वच्छ तर शवागारही असतं."

"तुझ्या तोंडाला लागत नाही मी. पण ऐकून ठेव. पुन्हा एकदा बाबा असे गेले ना, तर मी तुला विचारायला येणार नाही. गाडी घेऊन येईन."

"आणि मी काय दारात आरती ओवाळत उभी राहीन?"

"तू दुकानात असशील," ती म्हणाली. "नेहमीसारखी."

लागलं मला ते. दाखवलं नाही.

जाताना पोरीने हट्टाने कडीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, फक्त दुपारपुरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले तर कुलूप कडीत जसंच्या तसं, कडी दाराला जशीच्या तशी, आणि अख्खं दार चौकटीतून काढून भिंतीला नीट टेकवून ठेवलेलं. बिजागरीच्या खिळ्या एका बशीत, लहानमोठ्या लावून. हे मधोमध उभे. मला बघून म्हणाले, "बाई, दार झिजलंय तुमचं. उद्या बसवून देतो." मी थोरलीला फोन करून सांगितलं, ये आणि तुझं कुलूप घेऊन जा, उगाच हरवायला नको.

पण रात्री झोप लागेना. पोरगी बोलते तसं करते, हे मला माहीत आहे. मीच तशी वाढवलीय.

मग पुढे आला खटपट्या. हा माझा धाकटा. दिवसा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आणि घरी आला की ह्याची खोली म्हणजे वायरींचं जंगल. लग्न नाही. कोण करील, खाटेवर बसायला जागा नाही. पूर्वी तो त्या उघड्या पाट्या आणायचा. पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर अख्खा कॉम्प्युटर, असं त्याचं म्हणणं. पण ती पाटी म्हणजे नुसतं मुंडकं. तिला पडदा वेगळा आणा, कॅमेरा वेगळा, माईक वेगळा, स्पीकर वेगळा, वीज गेली तर बॅटरी वेगळी, आणि हे सगळं कोंबायला डबा वेगळा. नव्या सुनेच्या मागे सामान येत नाही एवढं त्या पाटीच्या मागे यायचं. आणि वर ती पाटी अलीकडे महाग झाली, मिळेनाशी झाली, म्हणून हा तोंड पाडून बसायचा.

एक दिवस गोणपाटाच्या पिशवीत भरून टॅब घेऊन आला. कुठलासा शिकवणीचा क्लास बुडाला होता. पोरांना वाटलेले टॅब परत घेतले आणि भंगारात घातले. कुणाची काच तडकलेली, कुणाच्या पाठीवर पोरांनी टोकदार वस्तूने नावं कोरलेली.

"आई, बघ. ह्यात सगळं आहे. पडदा आहे, डोळा आहे, कान आहेत, तोंड आहे, बॅटरी आहे. आणि पाटीच्या निम्म्यालाही पडत नाही. लोक उगाच पाट्यांच्या मागे लागतात."

"तू का लागला होतास मग इतके दिवस?"

"पाटी शिकायला बरी असते."

"झालं ना शिकून? मग उचल त्या पाट्या. त्या खाटेवर माणसं झोपायची एके काळी."

टॅब काही लगेच कामाला लागले नाहीत. जरा कुणी बघेनासं झालं की झोपायचे. बॅटरी वाचवतात म्हणे. मधेच कसली तरी नवी आवृत्ती घ्या म्हणून अडून बसायचे. खटपट्या रात्रंदिवस त्यांच्या मागे. "झोपायचं नाही, झोपायचं नाही," असं त्यांच्याशी पुटपुटत बसायचा. मी म्हटलं, तुला लहानपणी मी ह्याच्या उलटं सांगायचे, तेव्हा तूही ऐकायचा नाहीस.

त्याने बेत मांडला तो असा. एक टॅब दारावर नजर ठेवील. दुसरा आतल्या खोलीत, ह्यांच्या आरामखुर्चीच्या बाजूच्या फळीवर. हे उंबऱ्यावर आले की दारावरचा टॅब आतल्याला कळवील आणि आतला टॅब ह्यांना हाक मारील. शिवाय दुकानात माझ्या फोनवर टिंग वाजेल आणि फोटो येईल.

दारावरचा टॅब आधी आतल्या बाजूने लावला होता. दोन दिवसांत ह्यांनी तो उतरवून उघडला, पोटातली सगळी आतडी काढून वर्तमानपत्रावर मांडली. खटपट्या रागावला नाही. म्हणाला, "बाबांनी एकही स्क्रू हरवला नाही." मग दुसरा टॅब दाराच्या बाहेर लावला, पॅसेजमध्ये, विजेच्या मीटरच्या वर, ह्यांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर, तोंड आमच्या उंबऱ्याकडे करून. काच तडकलेला तो तुकडा कोण चोरणार होतं.

आता हाक कुणाची, हा प्रश्न. आधी खटपट्याने स्वतःची घातली. "बाबा, आत या." हे थबकले, म्हणाले, "कोण रे तू?" आणि चालू लागले. मग टॅबच्याच पोटातली ती तयार बाई लावली, गोड गोड बोलणारी. तिला हे म्हणाले, "हो मॅडम," आणि आदबीने जिना उतरले. तेव्हा थोरली तिथे होती, ती म्हणाली, "आईचा आवाज घाल. त्या आवाजाला कोण नाही म्हणतंय?"

मी बसले टॅबसमोर. म्हटलं, "कुठे निघालात उन्हातान्हाचं? कारखान्याला टाळं लागून जमाना झाला, तिथे काय तुमची वाट बघत बसलेत का? या मागे, मुकाट्याने बसा, एक क्षण म्हणून जिवाला..."

"आई, थोडक्यात. आणि शिव्या नकोत," खटपट्या म्हणाला.

"ह्या शिव्या आहेत? शिव्या ऐकायच्यात तुला?"

शेवटी थोरलीने मला गप्प केलं आणि सांगितलं, तू त्यांना पूर्वी जेवायला कशी बोलवायचीस, तसं म्हण. मी म्हटलं. "अहो, इकडे या बरं. मी इथे आहे." एवढंच.

पहिल्यांदा लावलं तेव्हा मी मुद्दाम पॅसेजमध्ये उभी होते. हे डबा घेऊन उंबऱ्यावर आले. आतून आवाज आला. आणि ह्यांचा चेहरा बदलला. कारखान्यात बोनस मिळाल्यावर घरी यायचे तेव्हाचा चेहरा होता तो. "आलो गं, आलो," म्हणाले, वळले आणि लगबगीने आत गेले. खुर्चीजवळ जाऊन उभे राहिले, इकडे तिकडे पाहिलं, मग बसले, आणि कशाला उठलो होतो ते विसरून गेले. मी दारात उभी होते. माझ्याकडे पाठ करून माझ्याकडे गेले होते ते. मी माझीच सवत झाले. पण म्हटलं, असू दे, सवत तर सवत, घरात तरी ठेवते आहे ना.

बरेच महिने छान गेले. टिंग वाजायचं, मी पायाखालचं मशीन थांबवून फोटो बघायचे. हे उंबऱ्यावर, मान वर करून ऐकताहेत. मग पुढचा फोटो यायचा तो रिकाम्या उंबऱ्याचा. रिकामा उंबरा म्हणजे हे आत गेले. मी पुन्हा शिलाईला लागायचे. गिऱ्हाइकांना फोटो दाखवायचे. म्हणायचे, माझ्या पोराने भंगारातून केलंय, आणि तुम्ही पन्नास दुकानं फिरून चेन बदलायला माझ्याकडे येता. थोरलीसुद्धा एकदा म्हणाली, "चाललंय बरं." तिच्याकडून एवढं म्हणजे हार घातल्यासारखंच.

मग आतल्या टॅबला पोट आलं.

मी फळी पुसत होते. टॅब नेहमी सपाट बसायचा, तो डुगडुगायला लागला. उचलून बघते तर पाठ फुगलेली आणि काच चौकटीतून वर आलेली, आतला उजेड फटीतून दिसतोय. मी हाक मारली. खटपट्याने पाहिलं आणि त्याचा रंग उडाला.

"आई, खाली ठेव. हळू. हात लावू नकोस आता."

त्याने वायर काढली, टॅब सुपात घेतल्यासारखा घेतला, गच्चीवर नेला आणि वाळूच्या बादलीत ठेवला. पेटू शकतो म्हणे.

"ह्याच्याच शेजारी तुझा बाप दिवसभर बसतो," मी म्हटलं.

"सारखा चार्जिंगला राहिला ना, म्हणून. पाटीच्या पोटात बॅटरी नसते, ती अशी फुगत नाही. टॅबला मधूनमधून वीज तोडावी लागते. मी टायमर लावणार होतो."

"तुझ्या खोलीतलं सगळंच 'होतो'त आहे."

पिशवीतले उरलेले टॅब त्याने तपासले. सगळ्यांच्याच बॅटऱ्या मरायला टेकलेल्या. बाहेरचा मात्र धडधाकट होता. त्याला त्याने त्याच संध्याकाळी टायमर लावला. थोरलीही ड्यूटीवरून येताना थांबली होती. तिला आम्ही फुगल्याचं सांगितलं, तेव्हा ती वडिलांच्या खुर्चीकडे बघत राहिली.

"नवा टॅब येईपर्यंत बाहेरचाच दोन्ही कामं करेल," खटपट्या म्हणाला. "तोच बघेल, तोच बोलेल. सोपंय. आवाज त्याच्यातही आहेच."

"ऐकू जाईल का?" थोरलीने विचारलं. "बाबांना कमी ऐकू येतं."

"वाढवतो."

तो स्वतः उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. पॅसेजमध्ये माझा आवाज घुमला, चांगला खणखणीत. अहो, इकडे या बरं. मी इथे आहे. समोरच्यांनी दार उघडून बघितलं. "अजून थोडा वाढव," थोरली म्हणाली. त्याने वाढवला. फोनवर टिंग वाजलं, फोटो आला. सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, चला, जेवायला बसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई प्रवासाची बॅग घेऊन आली होती. चेन दात धरत नव्हती आणि संध्याकाळी तिची गाडी होती. मी पक्कड घेऊन चेनीचं तोंड दाबत होते. टिंग. फोटोत हे उंबऱ्यावर, मान वर, हसताहेत. इतके छान हसताहेत की मी बाईंना दाखवला. "देखणे आहेत हो," ती म्हणाली. "होतेच," मी म्हटलं, "उगाच नाही एवढं ऐकून घेतलं त्यांचं." पुन्हा टिंग. रिकामा उंबरा.

मी चेन पूर्ण केली. बाईंना दोनदा उघडझाक करून दाखवली. मग दुकानाला साखळी लावली आणि चहाची वेळ झाली म्हणून वर गेले.

दार उघडं होतं. ते उघडं असायचंच. खुर्ची रिकामी. मोरीत नाहीत, खटपट्याच्या खोलीत नाहीत. चपला नाहीत. डबा मात्र टेबलावर तसाच. मी हाका मारत पुन्हा दाराकडे धावले, उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि माझ्या डोक्यावरून, बाहेरून, माझाच आवाज आला.

"अहो, इकडे या बरं. मी इथे आहे."

मी सुद्धा वर बघितलं. तिकडे, बाहेर, जिन्याच्या बाजूला. आणि मग मला कळलं की हे कुठे गेले. मी बोलावलं तिकडे गेले. बिचारे डबाही न घेता गेले. आज शिफ्टला निघालेच नव्हते. नुसतं पाणी प्यायला उठले असतील, नाहीतर खिडकी बघायला, चुकून दारापाशी आले असतील.

गल्लीच्या तोंडाशी किल्लीवाला बसतो. त्याने पाहिलं होतं.

"आजोबा विचारत होते, बाईचा आवाज कुठून आला. मी म्हटलं कुठली बाई? म्हणाले, आमची. हाक मारून कुठे गेली कळत नाही. मी म्हटलं, आजोबा, घरी जा, घरीच असेल. तर म्हणाले, नाही, ती बाहेरून बोलली."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"मावशी, शुद्धीत बोलत होते हो. माझ्यापेक्षा नीट बोलत होते."

त्याला शिव्या घालायला वेळ नव्हता. खटपट्या कामावरून पळत आला. थोरलीला मीच फोन केला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही तिघं तीन बाजूंना. मी हाका मारत फिरले. दुकानात माझा आवाज मशीनवरून जातो, रस्त्यावर गाड्यांवरून गेला. लोक गॅलरीत आले. अहो, अहो, करत मी शेजारच्या इमारतीच्या अंगणातूनही गेले, कचऱ्याच्या डब्यांमागे पाहिलं, पार्किंगमध्ये पाहिलं.

सापडले त्याच इमारतीत. तिथे पंपाची खोली जमिनीच्या पोटात आहे, लोखंडी दार, आत उतरत्या ओल्या पायऱ्या. संध्याकाळचं पाणी सोडायला पंपवाला आला तेव्हा त्याला दिसले. पायऱ्यांच्या तळाशी पडलेले, एक पाय नको तसा वळलेला. पंपवाल्याने मला नंतर सांगितलं, कळवळत नव्हते ते. नुसतं म्हणत होते, "आलो गं, आलो." मी तिथून हाका मारत गेले होते, तेव्हाही म्हणत असतील. लोखंडी दारातून काय ऐकू येणार.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळ थोरलीचंच. ती आत-बाहेर करत होती, हुकूम सोडत नव्हती, त्यावरूनच मी ओळखलं. खटपट्या बाकावर बसून हुंदके देत होता. मी म्हटलं, "नाक पूस. लोकांना बसायला जागा नाही आणि तू रडायला जागा अडवतोस." तो म्हणाला, "आई, पाटीवर केलं असतं ना, तर स्पीकर वेगळा लागला असता. वायरीने आत नेला असता मी. सगळं एकात होतं म्हणून..." मी त्याच्या शेजारी बसले. त्याचं डोकं खांद्यावर घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी सवय नाही.

थोरली आली. टोपी हातात घेतलेली.

"ऑपरेशन झेपणार नाही म्हणतात. हृदय फार अशक्त आहे. हाड तसंच राहील. आता खाटेवरच."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती कधी म्हणेल ह्याची वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "आणि ती तुझी संस्था?"

"कशाला आता?" ती म्हणाली. "आता कुठे जाणारेत ते? घेऊन जा घरी."

मला हवं होतं ते मिळालं. हे घरी आले.

आतल्या खोलीत खाट लावली, खटपट्याने चादरी घातल्या, दोन दिवस रजा काढून राहिलेल्या थोरलीने पायाखाली उशा रचून हाड हलणार नाही अशी व्यवस्था केली. औषधाने हे दिवसभर झोपून होते. सकाळी जागे झाले तेव्हा मी जेवण मऊ करून वाटीत आणलं, काठाशी बसले आणि म्हटलं, "अहो, तोंड उघडा बघू."

डोळे एकदम उजळले. "आलो गं!" म्हणाले आणि उठायला गेले.

किंकाळी मी आयुष्यात ऐकली नाही तशी. लेथवर बोट गेलं होतं तेव्हाही ह्यांनी तसा आवाज काढला नव्हता. थोरली धावत आली, सुई टोचली, पुन्हा उशा रचल्या. मला वाटलं, एकदाच झालं असेल. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात खटपट्याला कशावरून तरी झापत होते, आणि आतून पडल्याचा आवाज आला. अर्धे खाटेबाहेर. हात जमिनीवर, पाय वर अडकलेला. मला शोधायला निघाले होते. मी हाक मारली की ह्यांना यायचं असतं, मग मी हाताच्या अंतरावर बसलेली असले तरी. मी कुठे आहे ते ह्यांना दिसतच नाही. त्यांच्या लेखी मी नेहमी दुसऱ्या खोलीत.

थोरलीने त्यांना पुन्हा निजवलं. मग पॅसेजमध्ये आली, दार लोटून घेतलं आणि मला म्हणाली, "आई." हुकमाची बाई ती, पण हा हुकूम तिच्या तोंडून निघेना.

"कळलं," मी म्हटलं.

तेव्हापासून ह्या घरात मी बोलत नाही.

ज्या बाईचा आवाज ऐकून नाक्यावरचा भाजीवाला वजन नीट करतो, ती मी. दुधवाला बेल वाजवतो तेव्हा हातानेच दाखवते, किती ते. मुलं माझ्याकडे बघून दबकत चालतात, जणू मुकी तीच आहेत. दुकानात उतरले की बोलते. पण तिथे कोण आहे ऐकायला? गिऱ्हाइकं. त्यांना काय सांगू, आज ह्यांनी पाणी घेतलं का, आज पाठीला नवी जखम दिसली का. मशीनचा आवाज करून त्याच्याखाली बोलते, आणि ते बोलणं ह्यांच्यासाठीचं असतं.

खटपट्याने परवा दुकानात येऊन भीत भीत सांगितलं, "आई, एक करता येईल. तू टॅबवर लिहायचं. तो त्या दुसऱ्या बाईच्या आवाजात बाबांना वाचून दाखवेल. त्या आवाजाला ते उठत नाहीत."

"माझ्या नवऱ्याशी दुसरी बाई बोलणार?" मी म्हटलं. "आणि तीही भंगारातली?"

त्याला हसू आलं, आणि मग ते तोंडावरच मोडलं. मी त्याला म्हटलं, तो नवा टॅब आला असेल तर परत कर. बाहेरचाही उतरव. तो म्हणाला, केव्हाच उतरवलाय. मीटरच्या वर चौकोनी स्वच्छ जागा तेवढी राहिलीय, बाकी भिंत मळकी.

थोरली दुपारी येते, जखमा पुसते, नाडी बघते. तिच्या चेहऱ्यावरून मी ओळखते की फार दिवस नाहीत. ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. विचारायचं तर पॅसेजमध्ये जावं लागतं.

काल मी जेवण भरवत होते. हे शांतपणे खात होते, प्रत्येक घासाला मान हलवून आभार मानल्यासारखं करत. ओठ पुसले तेव्हा माझ्याकडे नीट बघितलं.

"बाई, तुम्ही रोज येता, नाही का?"

मी मान हलवली.

"हात हलका आहे तुमचा. आधीच्या बाईचा जड होता." आधीची कोण, देव जाणे. "आमची बायको बाहेर गेलीय. हाक मारून गेली. तुम्हाला दिसली तर सांगा, मी येतोच आहे. पाय जरा अडलाय."

मी मान हलवली.

"तुम्ही बोलत का नाही? मुक्या आहात का?"

मी वाटी खाली ठेवली. तोंडाशी इतकं आलं होतं की दात आवळून धरावं लागलं. मान हलवली. हो.

त्यांना वाईट वाटलं. हात उचलवत नव्हता तरी उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

"असू द्या हो," म्हणाले. "आमच्या घरी बोलायला एक आहे, ती सगळ्यांचं बोलते."